टक्का कशाचा? वाटा, बर्फ, मीठ, सबसिडी आणि व्याज यांचा हिशेब



गेल्या महिन्यात ऑफिसात तीन वेगवेगळी माणसे तीन वेगवेगळे प्रश्न घेऊन आली आणि तिन्ही वेळा मला एकच गोष्ट सांगावी लागली. एक जण इंजिनात तेल किती घालायचे ते विचारत होता, दुसरा सबसिडीचे, आणि तिसरी आमची एक वयनी वाट्याचे. तेव्हाच ठरवले की हे सगळ्यांसाठी एकदा लिहून काढायचे. मी काही मास्तर नव्हे, बारावीपर्यंतच शिकलोय, पण पंधरा वर्षे हिशेबाच्या वह्या बघतोय. शाळेत गुणोत्तर आणि शेकडेवारी सगळ्यांनीच केलेली असते. ती परीक्षेला उतरते, पण होडीवर चढत नाही, एवढेच.

वयनीचेच आधी सांगतो, कारण त्यात मीसुद्धा चुकलो होतो. नाव-गाव सांगत नाही.

तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या चुलत भावाने मिळून होडी आणि इंजिन घेतले होते. एकूण ३ लाख रुपये. नवऱ्याचे १ लाख २० हजार, भावाचे १ लाख ८० हजार. म्हणजे २ला ३. कागदावर तसे लिहिलेले आहे, दोघांच्या सह्या आहेत. जाळी मात्र पूर्ण तिच्या नवऱ्याची. वाट्याची रीत त्या होडीवर अशी: खर्च काढून जे उरते त्याचे आठ वाटे. चार माणसांचे चार, होडी-इंजिनाचे दोन, जाळ्यांचे दोन. (आमच्याकडे ही रीत गावागणिक आणि होडीगणिक बदलते, कुठे तांडेलाला अर्धा वाटा वर असतो, रांपणीची तर गोष्टच वेगळी. तुमची रीत हीच असावी असे मी म्हणत नाही.)

नवरा वारला. त्याच्या जागी दुसरा खलाशी जायला लागला, त्याचा माणसाचा वाटा त्याला. दीर दर आठवड्याला वयनीकडे पैसे आणून द्यायचा, एक दिवस चुकवला नाही. तो म्हणायचा, होडीचे दोन आणि जाळ्यांचे दोन मिळून चार वाटे मालकीचे, त्यात आपले २ला ३, म्हणजे तुझे ४० टक्के. चार महिने असे चालले.

मग वयनी ऑफिसात आली, मुलीच्या शाळेच्या वहीत सगळे लिहून. मी घाईत होतो. बघितले, २ला ३ म्हणजे पाचातले दोन, म्हणजे ४० टक्के, बरोबर आहे, म्हटले. ती काही बोलली नाही, उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "सेक्रेटरीबाब, जाळी माझ्या पाटल्या मोडून घेतलेली, त्यात त्याचे तीन कुठून आले?"

मी तिला परत बसवले.

चूक टक्क्यात नव्हतीच. ४० टक्के हे उत्तर बरोबरच होते. प्रश्न होता तो ४० टक्के कशाचे. २ला ३ हे ठरले होते होडी आणि इंजिनासाठी. दिराने ते जाळ्यांवरही लावले. लबाडीने नव्हे, त्याला खरोखर तसेच वाटत होते, कारण "आमचे दोन-तीन ठरलेय" हे त्याच्या डोक्यात एक वाक्य म्हणून बसले होते. आणि मी चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला बारावीचे गणित सांगून परत पाठवत होतो.

आता आकडे बघूया. एका दिवसाची विक्री १५,००० रुपये धरू. लिलावाची दलाली शेकडा ५ म्हणजे ७५०. पेट्रोल १,६५०. बर्फ ३००, खाणे-पिणे ३००. सगळा खर्च ३,०००. उरले १२,०००. आठ वाटे, एक वाटा १,५०० चा.

माणसांचे चार वाटे, ६,००० रुपये, ते ज्याचे त्याला. होडी-इंजिनाचे दोन वाटे ३,०००. त्यातले पाचातले दोन भाग वयनीचे, म्हणजे १,२००, आणि दिराचे १,८००. जाळ्यांचे दोन वाटे ३,०००, ते पूर्ण वयनीचे. तिचे एकूण ४,२००. बारा हजारांचे हे ३५ टक्के होतात. तिला मिळत होते चार वाट्यांच्या ६,००० चे ४० टक्के, म्हणजे २,४००. बारा हजारांचे २० टक्के.

बघा, "४० टक्के" म्हणून मिळत होते ते खरे तर २० टक्के होते आणि मिळायला हवे होते ३५. तिन्ही आकडे त्याच पैशांचे.

चार महिन्यांत खर्च जाऊन उरलेली रक्कम होती २,४०,०००. तिला मिळाले २० टक्क्यांनी ४८,०००. मिळायला हवे होते ८४,०००. फरक ३६,०००. हा आकडा ऐकल्यावर दीर गप्पच झाला. पण थांबा, हिशेब एकाच बाजूने करायचा नसतो. जाळी पूर्ण तिची, तर जाळ्यांची दुरुस्तीही पूर्ण तिची. त्या चार महिन्यांत जाळी विणून-जोडून घ्यायला २५,००० लागले होते. ते दोघांनी २ला ३ प्रमाणेच भरले होते, तिने १०,००० आणि दिराने १५,०००. हे १५,००० त्याचे परत. ३६ वजा १५, म्हणजे २१,००० रुपये देणे निघाले. तीन हप्ते, सात-सात हजारांचे. दिराने मान्य केले, दिलेही. वयनीने त्या दिवशी त्याला सांगितले ते मला आवडले: इंजिन बिघडले तर माझे पाचातले दोन भाग मी देणार, सांगायला लाजू नको.

आमचे एक जुने सभासद तिथे बसले होते, ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "पस्तीस टक्के म्हणजे सहा आण्याला थोडे कमी." बरोबर. रुपयाचे १६ आणे, सहा आणे म्हणजे साडेसदतीस टक्के. पोर्तुगीज राज्यातही रुपयाचे १६ तांगेच होते, एस्कुदो येईपर्यंत. जुन्या माणसांची डोकी सोळात चालतात आणि ती चांगली चालतात. चार आणे पाव, आठ आणे अर्धा, बारा आणे पाऊण. कोणाला टक्के जमत नसतील तर खुशाल आण्यांत विचार करा. शंभर काय आणि सोळा काय, पूर्ण वस्तूचे किती तुकडे मानायचे एवढाच फरक. शंभर मानले की शेकडा, तोच टक्का.

वाट्याबद्दल अजून एक सांगायचे आहे, कारण खलाशी आणि मालक यांच्यात भांडण होते ते बहुतेक वाईट दिवशी. वरच्याच होडीची विक्री एके दिवशी १५,००० ऐवजी ३,५०० झाली. दलाली शेकडा ५, ती कमी झाली, १७५. पण पेट्रोल तेवढेच जळले, बर्फ तेवढाच घेतला, माणसे तेवढीच जेवली. तो २,२५० चा खर्च तसाच. उरले १,०७५. आठ वाटे केले तर एक वाटा १३४ रुपये. विक्री साधारण चौथा हिस्सा झाली, वाटा मात्र अकरावा हिस्सा झाला. खलाश्याला वाटते पात्रांवने मारले. पात्रांवलाही तोच वाटा मिळालेला असतो, पण तो सांगत नाही. ज्या होडीवर खर्चाची वही सगळ्यांसमोर उघडी असते तिथे हे भांडण मी बघितलेले नाही. टक्क्याने जाणारा खर्च विक्रीबरोबर खाली उतरतो, ठरलेला खर्च उतरत नाही, हे एकदा आकडे मांडून खलाश्यांना दाखवा.

आता "ला" आणि "पैकी" यांचा घोळ. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

१ला ३ म्हणजे तिसरा हिस्सा नव्हे. १ आणि ३ मिळून चार भाग होतात, म्हणून एकाचा हिस्सा चौथा. "१ला ३" बोलताना आपण दोन वस्तू एकमेकींशेजारी ठेवतो. "पैकी" बोलताना एक वस्तू आणि पूर्ण ढीग. आधी दोन्ही बाजूंची बेरीज करायची आणि मगच हिस्सा सांगायचा, ही सवय लावली की निम्मे काम झाले.

बर्फाचे घ्या. मासळी आणि बर्फ १ला १, असे खात्याची माणसेही सांगतात. पेटीत सगळे मिळून १२० किलो बसत असेल, तर १ला १ म्हणजे ६० किलो बांगडा आणि ६० किलो बर्फ. १२० किलो बांगडा भरून वर थोडा बर्फ पसरणे नव्हे. मासळी २ आणि बर्फ १ घेतला तर ८० आणि ४०, म्हणजे पेटीत बर्फ ३३ टक्के. कोणी म्हणतो "मासळीच्या निम्मा बर्फ घातला, पन्नास टक्के झाला की". झाला, मासळीच्या ५० टक्के. पेटीच्या नव्हे. परत तोच प्रश्न, टक्का कशाचा.

पण १ला १च का? एवढा बर्फ फुकट जात नाही का? हे मलाही वाटायचे, म्हणून एकदा हिशेब करून बघितला. १ किलो पाणी १ डिग्रीने थंड करायला जेवढी उष्णता काढावी लागते तिला १ किलोकॅलरी म्हणतात. मासळीत तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते, म्हणून तिला थोडी कमी लागते, ०.८ धरू. आपल्याकडे पकडलेली मासळी ३० डिग्रीची असते. १०० किलो मासळी ३० वरून शून्यावर आणायला १०० गुणिले ०.८ गुणिले ३०, म्हणजे २,४०० किलोकॅलरी. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी ओढून घेतो. २,४०० भागिले ८०, उत्तर ३०. म्हणजे १०० किलो मासळीला फक्त थंड करण्यातच ३० किलो बर्फ संपतो. पेटी तापलेली, ऊन वरून, झाकण दहा वेळा उघडले, त्यात जातो तो वेगळाच. आणि सगळे झाल्यावर लिलावापर्यंत थोडा बर्फ शिल्लक दिसायला हवा. म्हणून १०० ला १००. जो १०० ला ३० घालतो त्याची मासळी एकदा थंड होते आणि मग किनाऱ्यावर येईपर्यंत परत तापते. हिवाळ्यात, जवळच्या फेरीला, चांगल्या इन्सुलेटेड पेटीत कमी चालतो. एप्रिल-मेमध्ये नाही. डिचोलीकडचे आमचे नदीतले सभासद म्हणतात की आम्ही काय दोन तासांत परत येतो, बर्फ कशाला. नार्वे-सारमानसहून म्हापशाच्या बाजारापर्यंतचा प्रवास धरा मग आणि सांगा.

इंजिनाच्या तेलाचे थोडक्यात. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते आणि पुस्तकात लिहिलेले असते ५० ला १. एका पोराने त्याचा अर्थ लावला, एका लिटरला ५० मिली. आकडा ५० आहे ना! बरोबर असे: एक लिटर म्हणजे १,००० मिली, त्याला ५० ने भागायचे, २० मिली. पाच लिटरच्या कॅनला १००, वीस लिटरला ४००. त्या पोराने ५० मिली घातले म्हणजे २० ला १ झाले, अडीचपट तेल. धूर, प्लग काळा, शापोऱ्याच्या तोंडाशी इंजिन बंद. उलट्या बाजूची चूक अजून महाग, तेल कमी पडले तर पिस्टन धरतो आणि मग दुरुस्तीवाला आणि देव. नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास दुप्पट तेल सांगतात, म्हणजे २५ ला १. इथे लक्षात ठेवा, ५० च्या जागी २५ आले म्हणजे तेल अर्धे नव्हे, दुप्पट झाले. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाचे प्रमाण वेगळे असू शकते, पुस्तक बघा. आणि फोर-स्ट्रोक घेतले असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळायचेच नाही, त्याचे तेल वेगळे असते.

फायबरच्या होडीची डागडुजी घरी करणाऱ्यांना एकच सांगतो. रेझिनला हार्डनर साधारण शेकडा १ ते २ लागतो, म्हणजे १ किलोला १० ते २० ग्रॅम, डब्यावर लिहिलेले असते तसे. उन्हाळ्यात कमीकडे राहायचे. "लवकर सुकेल" म्हणून ५० ग्रॅम ओतले की भांडे हातात तापते आणि थर तडकतो. अंदाजाने ओतू नका, तराजू घ्या, भाजीवाल्यांकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक. अजून एक, हे गणिताचे नव्हे, जिवाचे: अॅक्सिलरेटर आणि हार्डनर हे दोन एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग दुसरा.

आता मीठ आणि सुकी मासळी. हे मुख्यतः आमच्या बहिणींसाठी, कारण पुरुमेंताच्या बाजारात बसतात त्या. मे महिन्यात म्हापशाला जी खारी-सुकी मासळी जाते तिच्यात पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या बायकांचे हात असतात.

खारवायला मोठ्या मासळीला ३ ला १ मीठ घालतात, म्हणजे ३ किलो मासळीला १ किलो. लहान मासळीला ४ ला १. मिठाचे पाणी करून त्यात बुडवायची रीत असेल तर ते पाणी पुरे खारट व्हायला हवे. १०० किलो पाण्यात, म्हणजे १०० लिटर, साधारण ३६ किलो मीठ विरघळते, त्याच्या पुढचे तळाला बसते. आता हे पाणी किती टक्के खारे? ३६ टक्के म्हणाल तर चुकलात. पाणी १०० आणि मीठ ३६ मिळून झाले १३६ किलो. त्यातले ३६, म्हणजे साडेसव्वीस टक्के. "पाण्याच्या" ३६ टक्के, "मिठवणीच्या" २६.५ टक्के. कुठल्याही कागदावर "२६ टक्के मिठाचे द्रावण" असे लिहिलेले दिसले तर १०० लिटर पाण्यात २६ किलो टाकून थांबू नका, ते अर्धवट खारे राहील, १२६ तले २६ म्हणजे फक्त २०.६ टक्के. आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ वापरत असाल तर ते थोडे ओले असते, त्यातले पाणीही वजनात येते हे ध्यानात ठेवा आणि मूठभर जास्त घ्या.

सुकवण्याचा हिशेब मात्र डोके फिरवणारा आहे. १०० किलो बारीक सुंगटां घ्या. त्यात ८० टक्के पाणी धरू. म्हणजे पाणी ८० किलो, आणि सुके मांस-साल २० किलो. उन्हात पाणीच उडते, हे २० किलो कुठे जात नाहीत. चांगली सुकवली की पाणी २० टक्के राहिले असे धरा. आता वजन किती? पटकन उत्तर येते, ८० चे २० टक्के झाले, म्हणजे ६० किलो कमी, राहिले ४०. नाही. सुकलेल्या ढिगात पाणी २० टक्के, तर मांस ८० टक्के. मांस २० किलो. ज्याचे ८० टक्के २० किलो, ती वस्तू २५ किलोची. म्हणजे ४ किलो ओल्यातून १ किलो सुकी. वीस किलो ओली १५० रुपयांनी घेतली असतील तर ३,००० गेले, सुकी मिळणार ५ किलो, म्हणजे मजुरी न धरता किलोमागे ६०० रुपये खर्च तिथेच झाला. हे न मांडता कोणी ५०० ला विकत असेल तर ती उन्हात बसून घरचे पैसे वाटतेय.

आणि नीट न सुकवता थोडी दमट ठेवली तर? समजा पाणी ३० टक्के ठेवले. मांस ७० टक्के, ते २० किलो, म्हणजे ढीग २८ किलो ५७० ग्रॅम. साडेतीन किलो पाणी जास्त विकले. फायदा वाटतो ना? घाऊक व्यापारी हाताने चुरडून बघतो आणि भाव पाडतो. बरोबरीचा भाव किती असावा तेही काढता येते. सुक्याला ८०० भाव असेल तर २५ किलोचे २०,०००. तेच २०,००० दमटाच्या २८.५७ किलोंतून यायला ७०० चा भाव पुरे. म्हणून व्यापाऱ्याने दमट म्हणून किलोमागे १०० कमी केले तर त्याने लुटले नाही, पाण्याचे पैसे दिले नाहीत एवढेच. २०० कमी केले तर मात्र भांडा. आणि घरोघरी विकणार असाल तर दमट देऊच नका, जुलैत बुरशी येते आणि पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

सबसिडीकडे वळतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. त्यात वैयक्तिक लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिला यांना ६० टक्के मदत. आपल्यासारख्या राज्यात मदतीचा भार केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटून घेतात. हे दोन्ही ठिकाणी ६० आणि ४० आल्याने घोटाळा होतो. एक सभासद मला आनंदाने सांगत होता, "केंद्र साठ देणार, राज्य चाळीस, म्हणजे होडी फुकट!" त्याचा आनंद मोडताना वाईट वाटले. ते ६०-४० होडीच्या किमतीचे नव्हे, मदतीच्या रकमेचे. मदत ४० टक्के, तर त्या चाळिसातले ६० टक्के म्हणजे २४ केंद्राचे, आणि १६ राज्याचे. उरलेले ६० आपले, खिशातून किंवा बँकेतून.

दुसरी मेख, हे ४० टक्के तुमच्या बिलाचे नसतात. योजनेत प्रत्येक वस्तूची किंमत धरलेली असते, तिला युनिट कॉस्ट म्हणतात. समजा एखाद्या वस्तूची ती २ लाख धरलेली आहे आणि दुकानदाराचे बिल झाले २ लाख ६० हजार. मदत २ लाखांची ४० टक्के, म्हणजे ८०,०००. तुमच्या बिलाच्या मानाने ती ३१ टक्क्यांहूनही कमी पडली. तुम्हाला भरायचे १,५६,००० नव्हेत, १,८०,०००. हे २४,००० कुठून आणायचे ते ऑर्डर देण्याआधी ठरवा. घरातल्या बाईच्या नावाने अर्ज केला तर त्याच २ लाखांवर १,२०,००० येतात. पण मग वस्तूही तिच्या नावावर राहणार आणि पुढे वाटाही तिचाच, हे सही करण्याआधी घरात बोलून घ्या. वरची वयनीची गोष्ट आठवा.

शेवटी व्याज. आपल्याकडे अजून "शेकडा तीन" असे तोंडाने बोलतात आणि ते महिन्याचे असते. बँकेचे "सात टक्के" वर्षाचे असते. ऐकायला तीन लहान, सात मोठे. शेकडा तीन महिना म्हणजे वर्षाला छत्तीस. ५०,००० वर्षभर घेतले तर व्याज १८,०००. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मिळते, त्यावर अल्पमुदतीच्या कर्जाला ७ टक्के, आणि वेळेत फेडले तर ३ टक्के सूट मिळून ४. त्याच ५०,००० वर ३,५००, वेळेत फेडले तर २,०००. १८ हजार आणि २ हजार. कार्डासाठी बँकेत चार फेऱ्या माराव्या लागतात, मान्य, मॅनेजर आज नाही उद्या या म्हणतो, तेही मान्य. सोळा हजारांसाठी चार फेऱ्या, म्हणजे एका फेरीचे चार हजार. समुद्रात एका फेरीला एवढे सुटतात का बघा.

ज्यांच्या होडीत दोन किंवा जास्त मालक आहेत त्यांनी येताना आपला करारनामा आणि शेवटच्या दोन महिन्यांची वही घेऊन ऑफिसात यावे. सोमवार सोडून कधीही, लिलाव संपल्यावर. होडीचे प्रमाण वेगळे, इंजिनाचे वेगळे, जाळ्यांचे वेगळे, दुरुस्तीचे वेगळे, असे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घेऊ. करारनामा नसेल, सगळे तोंडीच असेल, तर दोघेही मालक एकत्र या आणि घरच्या बायकांनाही घेऊन या.

आणि मुलांसाठी एक गणित देतो, आईबापांनी उत्तर सांगायचे नाही. पेटीत मासळी आणि बर्फ ३ ला २ आहे, एकूण १०० किलो. बंदरावर येईपर्यंत निम्मा बर्फ वितळून पाणी वाहून गेले. आता पेटीत बर्फ किती टक्के?